एवढं मोठं विमान सापडत कसं नाही? एमएच ३७० चा शोध परत सुरू होतोय, तुमचं मत काय

मानपाड्याचा_निल्या (डिसेंबर २०२५)

मंडळी, आधीच सांगतो, मी यातला जाणकार वगैरे नाही, अकाउंट्सवाला माणूस आहे. मलेशिया सरकारने ह्याच महिन्यात जाहीर केलंय की एमएच ३७० चा, म्हणजे २०१४ ला गायब झालेल्या मलेशिया एअरलाइन्सच्या विमानाचा, शोध ३० डिसेंबरपासून परत चालू होणार, ओशन इन्फिनिटी नावाची कंपनी करणार, ५५ दिवस, तेही सलग नाही, अधूनमधून. ही बातमी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पडली आणि पाण्याच्या टँकरचा विषय राहिला बाजूला, रात्री उशिरापर्यंत नुसती जुंपली होती. एक काका म्हणतात अमेरिकेने डिएगो गार्सिया बेटावरच्या आपल्या तळावर उतरवून घेतलं, एकाचं ठाम मत की कझाकस्तानात आहे, प्रवाशांचे फोन चार दिवस वाजत होते म्हणजे माणसं जिवंत होती असंही आलं, आणि बी विंगमधल्या एकाने तर ते १९५५ ला उडालेलं पॅन अ‍ॅमचं विमान सदतीस वर्षांनी उतरलं वालं फॉरवर्ड टाकलं आणि खाली चार जणांनी हात जोडले. पायलटनेच केलं म्हणणारे सगळ्यात जास्त.

माझा प्रश्न साधा आहे. मी गच्चीवर उभा राहून फ्लाइटरडारवर बघतो तर डोक्यावरून जाणारं विमान कुठून आलं, कुठे चाललंय, किती उंचीवर आहे सगळं दिसतं. मग २३९ माणसं असलेलं बोइंग ७७७ अकरा वर्षं सापडत नाही म्हणजे काय? कोणीतरी लपवतंय असं वाटणं एवढं चुकीचं आहे का? कोणी नीट समजावून सांगेल का, लिंका नका देऊ, त्या मी वाचत नाही.

ऐरोली_अँटेना

निल्या, तुझ्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे. फ्लाइटरडारवर जे दिसतं ते काही कुठला सरकारी रडार नसतो. विमान स्वतःच ओरडत असतं, मी अमुक, माझी जागा अमुक, उंची अमुक, आणि खाली माझ्यासारखे रिकामटेकडे लोक ते ऐकून नेटवर टाकत असतात. माझ्या गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या पाइपला बांधलेला हातभर अँटेना आहे, त्याला सिग्नल पकडणारा एक यूएसबी डोंगल आणि एक जुना रास्पबेरी पाय, म्हणजे तळहाताएवढा कॉम्प्युटर, बस. सेक्रेटरींना वाटलं होतं मी केबल चोरतोय. आता त्यांचा मुलगा दुबईहून निघाला की तेच फोन करून विचारतात कुठपर्यंत आला.

तर गंमत अशी की हे सगळं सरळ रेषेत चालतं. पस्तीस हजार फुटांवरचं विमान मला साधारण चारशे किलोमीटरपर्यंत ऐकू येतं, त्यापुढे पृथ्वीचा गोलावाच आड येतो. समुद्रावर रिसीव्हर कोण लावणार? २०१४ ला तर सॅटेलाइटवरून हे सिग्नल पकडायची सोयही नव्हती, ती २०१९ मध्ये पूर्णपणे चालू झाली.

आणि दुसरं म्हणजे विमानाने ओरडायचंच बंद केलं तर? ८ मार्च २०१४ ला रात्री १२:४२ ला क्वालालंपूरहून निघालं, बीजिंगला जायचं होतं. १:१९ ला कॉकपिटमधून शेवटचा गुडनाइट, आणि दोनएक मिनिटांत ट्रान्सपॉन्डर, म्हणजे तो ओरडणारा डबा, बंद. त्या वेळी ते मलेशिया आणि व्हिएतनामच्या हद्दीवर होतं, म्हणजे एकाने सोडलंय आणि दुसऱ्याने अजून घेतलं नाहीये अशा जागी. त्यानंतर मलेशियाच्या मिलिटरी रडारवर एक ठिपका उलटा वळलेला दिसतो, मलाया ओलांडून पेनांगजवळून मलाक्काच्या सामुद्रधुनीत, आणि २:२२ ला तोही अंदमानच्या दिशेला गायब.

पुढचं जे काही कळलंय ते फक्त एका सॅटेलाइटमुळे. इनमारसॅट कंपनीचा सॅटेलाइट तेव्हा हिंदी महासागरावर ६४.५ अंश पूर्वेला उभा होता, जमिनीपासून जवळजवळ छत्तीस हजार किलोमीटर वर. विमानातला सॅटेलाइट फोनचा डबा आणि हा सॅटेलाइट साधारण तासातासाने एकमेकांना आहेस का, आहे एवढंच विचारत होते. त्यात जागा नसते. पण उत्तर यायला किती वेळ लागला हे पर्थच्या ग्राउंड स्टेशनमध्ये नोंदलं गेलं. वेळेवरून अंतर निघतं. म्हणजे कसं की रिक्षाचा मीटर तुला सांगतो गाडी स्टेशनपासून किती किलोमीटर गेली, पण वागळेला गेली की माजिवड्याला ते नाही सांगत. सॅटेलाइटपासून एवढ्या अंतरावर असलेल्या सगळ्या जागा जोडल्या की पृथ्वीवर एक गोल कंस मिळतो. असे सात कंस आहेत. शेवटचा सकाळी ८:१९ चा, त्यालाच सातवा आर्क म्हणतात आणि अकरा वर्षं सगळी शोधाशोध ह्या एका कंसाच्या आजूबाजूलाच चालू आहे.

कंस उत्तरेला कझाकस्तानकडेही जातो आणि दक्षिणेला समुद्रातही. म्हणून पहिल्या आठवड्यात कझाकस्तानचं नाव खरंच सरकारी नकाशात होतं, तुमच्या ग्रुपवरच्या माणसाने हवेतून काढलेलं नाही. पण नंतर फ्रिक्वेन्सीचा हिशोब लागला. सॅटेलाइट एका जागी उभा असतो म्हणतात पण हा थोडा उत्तर-दक्षिण हलत होता, आणि विमानातला डबा तो अगदी स्थिर आहे असं धरून आपली फ्रिक्वेन्सी जुळवत होता. त्यामुळे जो थोडा फरक उरला तो उत्तरेला गेल्यास वेगळा येतो आणि दक्षिणेला गेल्यास वेगळा. नोंदी दक्षिणेशी जुळल्या. २४ मार्चला मलेशियाचे तेव्हाचे पंतप्रधान नजीब रझाक यांनी विमान दक्षिण हिंदी महासागरात संपलं असं जे जाहीर केलं ते ह्याच्या जोरावर.

फोनचं म्हणशील तर आपल्याला कानात जी रिंग ऐकू येते ती समोरचा फोन वाजतोय म्हणून नसते, नेटवर्क त्याला शोधत असतानाही ऐकवतं. आणि ते पॅन अ‍ॅम वालं अमेरिकेतल्या वीकली वर्ल्ड न्यूज नावाच्या पेपरने छापलेलं थोतांड आहे, तो पेपर असल्याच गोष्टींसाठी प्रसिद्ध होता.

पक्या_घोडबंदर

अँटेना भाऊ, सगळं मान्य, पण हे सगळं त्यांनीच दिलेल्या आकड्यांवर चाललंय ना? आकडेच खोटे असतील तर? डिएगो गार्सियाला एवढी मोठी धावपट्टी, अमेरिकेचा तळ, हिंदी महासागराच्या मधोमध, आणि त्यांना काहीच दिसलं नाही? आणि मालदीवमधल्या बेटावरच्या लोकांनी सकाळी खाली उडणारं मोठं विमान बघितलं होतं त्याचं काय, कुडा हुवाधू की असंच काहीतरी नाव आहे, ते काय सगळे भांग पिऊन होते?

आणि एक सांगा, लोकांनी तर्क करू नये म्हणता, मग पहिल्या आठवड्यात त्यांनी काय केलं? विमान पश्चिमेला गेलंय आणि हे चार-पाच दिवस जहाजं घेऊन पूर्वेला दक्षिण चीन समुद्रात शोधतायत. आपल्याकडे असं झालं असतं तर आपण काय शांत बसलो असतो?

ऐरोली_अँटेना

डिएगो गार्सियाचं उत्तर सोपं आहे रे, आणि त्यात अमेरिकेवर विश्वास ठेवायची गरजच नाही. सॅटेलाइट ६४.५ पूर्वेला, डिएगो गार्सिया ७२ पूर्वेला आणि विषुववृत्ताच्या जरासं खाली. म्हणजे ते बेट जवळजवळ सॅटेलाइटच्या पोटाखालीच आहे. विमान तिकडे गेलं असतं तर दर तासाला अंतर कमी कमी होत जायला हवं होतं. नोंदीत उलटं आहे, आधी थोडं कमी होतं आणि मग शेवटपर्यंत वाढत जातं. मालदीवलाही हेच लागू.

आणि आकडे खोटे म्हणशील तर मग २९ जुलै २०१५ ला रियुनियन बेटावर सापडलेला पंखाचा तुकडा कोणी ठेवला? फ्लॅपेरॉन म्हणतात त्याला. आतल्या नंबरांवरून तो ह्याच विमानाचा आहे हे फ्रान्सच्या सरकारी वकिलांनी जाहीर केलं. नंतर टांझानियाच्या पेंबा बेटावर आणि मॉरिशसलाही तुकडे मिळाले. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ ह्या सरकारी संशोधन संस्थेने तर खरा ७७७ चा फ्लॅपेरॉन आणून, त्या सापडलेल्या तुकड्यासारखाच कापून, पाण्यात सोडून बघितला की कसा वाहतो. दक्षिण हिंदी महासागरात पडलेली वस्तू सव्वा वर्षाने आफ्रिकेकडे पोचते हे गणित बसतं. अकरा वर्षांपूर्वी कोणी एवढा पुढचा विचार करून तुकडे टाकत बसलं असेल तर त्याला माझा दंडवत.

पण पहिल्या आठवड्याबद्दल तू बोलतोयस त्यावर मी तुझ्या बाजूने आहे. खरी चीड तिथेच येते. नियमाप्रमाणे विमान वेळेवर संपर्कात आलं नाही तर पाच मिनिटांत विचारपूस व्हायला पाहिजे, व्हिएतनामच्या हो ची मिन्ह कंट्रोलने क्वालालंपूरला विचारलं १:३९ ला. मग एअरलाइनच्या ऑपरेशन्सने सांगितलं विमान कंबोडियाच्या हद्दीत आहे. का, तर त्यांच्या स्क्रीनवर तसं दिसत होतं. ती स्क्रीन विमान कुठे असायला हवं ते दाखवत होती, कुठे आहे ते नाही! हे त्यांनी साडेतीनला कबूल केलं. रीतसर आणीबाणी जाहीर झाली ६:३२ ला. विमान अजून हवेत होतं बरं का, पुढचे पावणेदोन तास. मिलिटरीला ठिपका दिसला होता पण तो आपला वाटला म्हणून कोणी उडालं नाही. आणि कोणीतरी मुद्दाम वळवलं असावं हे पंतप्रधानांनी सांगितलं १५ मार्चला. मधले सात दिवस लोकांना काय दिलं तर रोज बदलणारी प्रेस कॉन्फरन्स. त्या सात दिवसांत जे पेरलं गेलं तेच तुमच्या ग्रुपवर आज उगवतंय.

ठाण्यातला_सातारकर

सगळे एवढे सीरियस झालात म्हणून आठवण करून देतो की त्याच आठवड्यात क्वालालंपूर एअरपोर्टवर एक मांत्रिक दोन नारळ घेऊन आला होता, बांबूच्या दुर्बिणीतून विमान शोधायला. टीव्हीवर लाइव्ह. आपल्याकडच्या बुवांनी ह्यात मागे राहू नये असं वाटतं.

बाकी मी पण तेव्हा टॉमनॉड नावाच्या साइटवर बसून शोधलं होतं, आठवतंय का कोणाला? डिजिटलग्लोबने सॅटेलाइटचे फोटो लोकांसाठी उघडे केले होते, आपण एकेक चौकोन बघायचा आणि विमान, तराफा, तेलाचा तवंग असं काही दिसलं तर खूण करायची. लाखो लोक करत होते. ऑफिसात लंच टाइमला निम्मा फ्लोअर तेच. मला एका चौकोनात पांढरं काहीतरी दिसलं, मी तर मित्रांना पार्टीची तारीख पण सांगून टाकली होती. लाटेचा फेस होता.

नेरुळचा_जहाजी

नमस्कार, मी मर्चंट नेव्हीत होतो, चीफ ऑफिसर असताना उतरलो, आता घरीच असतो आणि पाम बीचवर सकाळी चालतो. वरची चर्चा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. तुम्ही सगळे कंसाबद्दल बोलताय, समुद्राबद्दल कोणी बोलतच नाहीये.

डर्बनहून फ्रीमँटलला गेलोय आम्ही, त्या पट्ट्यातूनच. आपल्याला समुद्र म्हणजे मांडव्याला जाताना लागतो तो वाटतो. तिकडे चाळीस अक्षांशाच्या आसपास वाऱ्याला अडवायला जमीनच नाही, दक्षिण अमेरिकेपासून थेट. आठ-दहा मीटरचा स्वेल ही बातमी नसते, रोजची गोष्ट असते. गॅलीत भांडी बांधून ठेवायची, झोपताना गादीखाली लाइफ जॅकेट खुपसायचं म्हणजे तुम्ही भिंतीला टेकून राहता, आणि दिवसचे दिवस दुसरं जहाज दिसत नाही. म्हणून शोध शक्यतो तिकडच्या उन्हाळ्यात करतात, आपला डिसेंबर ते मार्च-एप्रिल. हा करार मार्च २०२५ लाच झाला होता, कंपनी गेली पण होती, एप्रिलमध्ये सीझन संपला म्हणून थांबवलं. त्यावरही लोकांनी कारस्थान काढलं की काहीतरी सापडलं आणि दाबलं. अहो दाबायला काही नाही, हवा खराब होती!

आता खोली. सरासरी चार हजार मीटर, काही ठिकाणी सहा हजाराला टेकते. तळ सपाट नाही, ब्रोकन रिज म्हणून आख्खी डोंगररांग आहे, कडे आहेत, दऱ्या आहेत. पहिला मोठा शोध ऑस्ट्रेलियाच्या देखरेखीखाली झाला त्यात जहाजाच्या मागे एक सोनार, म्हणजे आवाजाने तळ बघणारं यंत्र, ओढत होते, त्याची केबल दहा किलोमीटरपर्यंत लांब, आणि सोनार तळापासून शंभर-दीडशे मीटर वर ठेवायचा. विचार करा, वर जहाज दहा मीटरच्या लाटेवर उड्या मारतंय आणि खाली तो सोनार कड्याला आपटू द्यायचा नाही. एक पट्टा संपला की जहाज वळवायलाच कित्येक तास. असं करत एक लाख वीस हजार चौरस किलोमीटर बघितलं, म्हणजे महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाहून जास्त. जानेवारी २०१७ ला थांबवलं. त्यात एकोणिसाव्या शतकात बुडालेली जहाजं सापडली, विमान नाही. मग २०१८ ला ओशन इन्फिनिटीने सुट्टे पाण्याखाली चालणारे रोबो नेले, केबलच नाही, आठ-आठ एकदम सोडायचे, त्यांनी तीन-चार महिन्यांत एक लाख बारा हजार चौरस किलोमीटर केलं. तरी नाही. आता पंधरा हजार राहिलंय, म्हणजे आपला पुणे जिल्हा धरा, सापडलं तर सात कोटी डॉलर, नाही सापडलं तर शून्य. कंपनी येडी नाहीये, त्यांना काहीतरी वाटतंय म्हणून स्वतःचं डिझेल जाळतायत.

आणि आपल्याकडचंच उदाहरण कोणी दिलं नाही म्हणून देतो. २२ जुलै २०१६, एअर फोर्सचं एएन-३२, तांबरमहून पोर्ट ब्लेअरला, २९ जण. रूट माहीत, वेळ माहीत, बंगालचा उपसागर आपला, नेव्ही, कोस्ट गार्ड सगळे उतरले. सापडलं कधी तर जानेवारी २०२४ मध्ये, चेन्नईच्या एनआयओटी ह्या सरकारी समुद्र संस्थेच्या रोबोला, ३४०० मीटर खाली, किनाऱ्यापासून ३१० किलोमीटरवर. साडेसात वर्षं. त्यावर कोणी डिएगो गार्सिया काढलं नाही कारण टीव्हीने तो विषय आठवड्यात सोडला होता.

एअर फ्रान्स ४४७ बघा, २००९ चं. त्याचे तुकडे पाचसहा दिवसांत पाण्यावर दिसले होते, शेवटची जागा पक्की माहीत होती, तरी सांगाडा मिळायला एप्रिल २०११ उजाडलं. आणि मिळाला कुठे, तर त्या शेवटच्या जागेपासून बारा किलोमीटरच्या आत.

सीमा_नौपाडा

जहाजीकाका, छान लिहिलंत. मला फक्त एका गोष्टीवर बोलायचं आहे, ते म्हणजे पायलटने केलं हे एवढ्या सहज म्हणणं.

आमच्या घरी १९७८ चं विमान अजून बोलण्यात निघतं. १ जानेवारीची रात्र, एअर इंडियाचं जंबो, एम्परर अशोका, सांताक्रूझहून दुबईला निघालं आणि वांद्र्याच्या समोर समुद्रात पडलं. २१३ माणसं गेली. माझे सासरे तेव्हा दादरला नोकरीला होते, ते सांगतात दुसऱ्या दिवशी ट्रेनमध्ये सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं की बॉम्ब. घातपाताचा संशय तेव्हा खरंच होता. चौकशीत निघालं काय तर कॅप्टनच्या समोरचं विमान कुठे कलंडलंय ते दाखवणारं यंत्र बिघडलं होतं, बाहेर काळोखा समुद्र, क्षितिज नाही, आणि त्यांनी त्या खोट्या यंत्राप्रमाणे विमान उलट्या बाजूला वळवत नेलं. दहा मीटर पाणी होतं म्हणून सगळं वर काढता आलं आणि कळलं. ते जर चार हजार मीटरवर पडलं असतं तर आज बॉम्बच राहिला असता, आणि कोणाच्या तरी नावावर.

ह्याच वर्षी जूनमध्ये अहमदाबादला झालं तेव्हा काय केलं आपण? प्राथमिक अहवालात इंधनाचे स्विच बंद झाल्याचं आलं आणि दुसऱ्या मिनिटाला कुठल्या पायलटने केलं हे ठरवून मोकळे. चौकशी अजून चालू आहे. त्यांच्या घरच्यांनी ते मीम वाचले असतील ना?

मलेशियाच्या कॅप्टनबद्दल म्हणाल तर घरच्या सिम्युलेटरवर दक्षिण हिंदी महासागराकडे जाणारे पॉइंट मिळाले हे खरं आहे, त्याला मी नाही म्हणत नाही. पण २०१८ च्या सरकारी अहवालात चारशे पंचाण्णव पानं लिहूनही ते कॅप्टनच्या वागण्यात वावगं काही आढळलं नाही म्हणतात, विमान हाताने वळवलं असावं म्हणतात, तिसऱ्या कोणाचा हात नाकारता येत नाही असंही म्हणतात, आणि शेवटी कारण सांगता येत नाही म्हणून सही करतात. ज्यांनी चार वर्षं घालवली त्यांना येत नाही, आपल्याला जेवताना येतं.

पक्या_घोडबंदर

सीमाताई, मग तर्क करायचाच नाही का? ते पाच भारतीय होते ना विमानात, त्यांच्या घरच्यांना तरी काहीतरी उत्तर हवंच असेल. लोकांनी लावून धरलं म्हणूनच शोध परत होतोय. नाहीतर २०१७ ला फाइल बंदच केली होती.

सीमा_नौपाडा

लावून धरलं नातेवाइकांनी, पक्या. दरवर्षी मार्चमध्ये तेच जमतात, तेच निवेदनं देतात. आणि ते काय मागतात तर शोध करा. डिएगो गार्सियाला विचारा असं नाही. मोझांबिकच्या किनाऱ्यावर जाऊन तुकडे शोधणारा ब्लेन गिब्सन म्हणून एक अमेरिकन वकील आहे, तोही ह्यातला कोणी अधिकारी नाही, हौशीच माणूस. त्याने लोकांना विचारलं, किनारे पायी हिंडला आणि नो स्टेप लिहिलेला तुकडा मिळवला २०१६ मध्ये. असा तर्क कर ना, मी कशाला अडवतेय.

ऐरोली_अँटेना

ताईंच्या बोलण्यात एक भर. हौशी लोकांमध्येही दोन जाती आहेत. एक गट असा आहे की त्यांनी इनमारसॅटचे आकडे मागून मागून शेवटी मिळवले, स्वतः गणितं केली, सरकारी नकाशात चुका दाखवल्या, आणि त्यांचं काम शोध करणारे लोक वाचतात. दुसरा प्रकार म्हणजे डब्ल्यूएसपीआर, हॅम म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचे जगभर उडणारे बारीक सिग्नल, त्यात विमानामुळे झालेला फरक शोधून आख्खा मार्ग काढल्याचा दावा आहे. मी स्वतः हॅम आहे म्हणून मनापासून वाटतं की हे खरं निघावं, पण डब्ल्यूएसपीआर ज्यांनी बनवलं ते जो टेलर, नोबेल विजेते, तेच म्हणतात की ह्यातून हे निघू शकत नाही. आता बनवणाऱ्यालाच मान्य नाही तर मी कोण.

मानपाड्याचा_निल्या

बापरे, मी ऑडिटमधून डोकं वर काढलं तर इथे एवढं सगळं. अँटेना, मीटरवालं ग्रुपवर टाकलं, एक काका गप्प झाले, दुसरे म्हणाले मीटर फास्ट असतील.

आता शेवटचं विचारतो. समजा जानेवारीत खरंच सापडलं. मग कळेल का काय झालं ते? की अकरा वर्षं मिठाच्या पाण्यात राहून ब्लॅक बॉक्स गेला असेल? आणि ते आवाज करून जागा सांगतात म्हणे, मग तेव्हाच का नाही ऐकू आलं?

नेरुळचा_जहाजी

आवाजाचं मी सांगतो. बॉक्सला पिंगर असतो, ३७.५ किलोहर्ट्झवर टिकटिक करतो, बॅटरी तीस दिवसांची. दोन-तीन किलोमीटरपलीकडून ऐकू येणं कठीण. आणि योग्य पाण्यात जहाजं पोचेपर्यंतच बरेचसे दिवस गेले. वर डेटा रेकॉर्डरच्या पिंगरची बॅटरी डिसेंबर २०१२ लाच एक्स्पायर झाली होती, ही कागदोपत्री नोंद आहे. एप्रिल २०१४ मध्ये ओशन शील्ड जहाजाला पिंग ऐकू आले, जगभर बातमी झाली, मग ब्लूफिन नावाचा रोबो खाली सोडून साडेआठशे चौरस किलोमीटर बघितलं आणि तिथे काहीच नव्हतं. ह्या अपघातानंतर पिंगर नव्वद दिवसांचे झाले.

ऐरोली_अँटेना

आणि बॉक्सचं मी. एअर फ्रान्सचा बॉक्स जवळजवळ दोन वर्षं ३९०० मीटरवर राहून व्यवस्थित वाचता आला. आत मेमरी चिप असते, टेप नाही, त्यामुळे आशा आहे.

पण लोकांना जे हवंय ते त्यात नसणार. बॉक्स दोन असतात. कॉकपिटमधले आवाज टिपणारा त्या काळात दोनच तासांचा होता, जुनं पुसत पुढे जायचा. वळण घेतलं दीडच्या आधी. विमान पडलं सव्वाआठच्या पुढे. म्हणजे तो शेवटचा गुडनाइट, त्यानंतर आत कोण काय बोललं, कोणी दार ठोकलं का, ते सगळं त्याच विमानाने उडता उडता पुसून टाकलेलं असणार. शेवटच्या दोन तासांत कदाचित नुसता इंजिनाचा आवाज असेल, तेही वीज त्याला शेवटपर्यंत मिळाली असेल तर.

दुसरा बॉक्स डेटाचा, तो पंचवीस तासांचा. त्यात आख्खी फ्लाइट आहे. ऑटोपायलट कधी निघाला, केबिनमधली हवा गेली होती का, इंधन संपल्यावर कोणी विमान हातात धरलं होतं की नाही, हे आकड्यांत मिळेल. सॅटेलाइटच्या शेवटच्या दोन नोंदींवरून तरी वाटतं की ते जोरात खाली येत होतं, आणि पेंबाला मिळालेला फ्लॅप, म्हणजे उतरताना उघडायचा पंखाचा भाग, बघून ऑस्ट्रेलियाच्या तपासवाल्यांचं म्हणणं होतं की तो बहुतेक उघडलेला नव्हता, म्हणजे पाण्यावर अलगद उतरवायचा प्रयत्न झाला असं दिसत नाही. पण शेवटी जर कोणी विमान हातात धरून बसलं असेल तर ते सरकत सरकत कंसापासून शंभर मैल लांब जाऊ शकतं, आणि म्हणूनच तर आधी बघितलेल्या पट्ट्याच्या बाहेर परत बघावं लागतंय.

पक्या_घोडबंदर

म्हणजे कोणी केलं ते नाही, काय केलं तेवढं कळेल.

ऐरोली_अँटेना

हो. आणि त्यासाठीसुद्धा आधी ते पंधरा हजार चौरस किलोमीटर बरोबर निघायला हवेत.

पक्या_घोडबंदर

ठीक आहे. तुमचा तो डोंगल केवढ्याला पडतो? पंचवीस तारखेपासून नवी मुंबई एअरपोर्टवरून विमानं सुरू होतायत, माझा भाचा उलव्याला राहतो, त्याच्या गच्चीवर लावला तर चालेल का?

ऐरोली_अँटेना

लॅमिंग्टन रोडला मिळेल, पण आधी मला फोटो पाठव, तिथे बरेच जण टीव्हीचा डोंगल त्याच्या नावाने खपवतात. उलव्याला लावायचा तर डोंगराची बाजू सोडून लाव, नाहीतर पनवेलकडचं काही ऐकूच येणार नाही. आणि भाच्याला सांग सेक्रेटरीला आधी विचार.